नाशिकची शिराझ: कशी घ्यायची, किती गार करायची आणि कशासोबत प्यायची

पहिल्यांदा शिराझची, म्हणजे त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाच्या रेड वाईनची, बाटली घरी आणली तेव्हा एका संध्याकाळीत जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या सगळ्या मी केल्या. मे महिना होता, बाटली आठवडाभर फ्रिजच्या डोक्यावर उभी होती, कारण कुठेतरी वाचलेलं की रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची असते आणि आमच्या रूमचं टेंपरेचर त्या दिवशी छत्तीस होतं. जेवायला तांबडा रस्सा, तोही मित्राच्या कोल्हापूरच्या मावशीने पाठवलेल्या चटणीचा. पहिल्या घोटाला सगळे गप्प. दुसऱ्या घोटाला एकाने विचारलं यात सोडा घातला तर चालेल का. तिसरा घोट कोणी घेतलाच नाही, बाटली तशीच राहिली आणि "वाईन हा आपला प्रांत नाही" असा ठराव एकमताने पास झाला.

नंतर कळलं की बाटली चांगली होती, बाकी सगळं चुकलं होतं. आता सात-आठ वर्षं मी नाशिकची शिराझ बऱ्यापैकी नेमाने पितोय (म्हणजे महिन्याला एखादी बाटली, गैरसमज नको) आणि जे काही शिकलो त्याचं सार असं की शिराझ ही काळ्या मसाल्याची वाईन आहे, लाल तिखटाची नाही. खाली जे काही लिहिलंय ते याच एका गोष्टीभोवती फिरतं, त्यामुळे घाईत असाल तर एवढं घेऊन गेलात तरी चालेल.

आधी चवीचं बोलू. आपल्याकडे बऱ्याच जणांची वाईनशी पहिली ओळख गोव्याच्या पोर्टने झालेली असते, कोणीतरी ट्रिपवरून येताना आणलेली, गोड आणि जाड, जवळजवळ सरबतासारखी. ती डोक्यात ठेवून शिराझ तोंडात घातली की धक्का बसतो, कारण ही गोड नाही. अजिबात नाही. द्राक्षातली साखर आंबवताना जवळपास सगळी संपते. मग तोंडात काय उरतं तर थोडा आंबटपणा, चांगला जाणवेल इतका तुरटपणा आणि घशात जाताना थोडी ऊब, कारण अल्कोहोल साधारण तेरा-साडेतेरा टक्के असतं. तुरटपणाला घाबरू नका, आपण तुरटाचीच माणसं आहोत. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी खरखरीत होते, किंवा कोरा चहा जास्त उकळला की हिरड्यांना जे होतं, तेच हे. त्याला टॅनिन म्हणतात आणि ते येतं द्राक्षाच्या सालीतून आणि बियांमधून. लाळेतली जी प्रोटीन्स तोंड बुळबुळीत ठेवतात त्यांना टॅनिन चिकटतं आणि तोंड कोरडं पडतं. चहात दूध घातलं की तुरटपणा का जातो, तर दुधातलं प्रोटीन टॅनिनला आधीच पकडून ठेवतं. हे लक्षात ठेवा, मटणाच्या वेळी कामाला येणारे.

वासाचं म्हणाल तर इंग्रजी लेबलवर ब्लॅकबेरी, प्लम, लिकोरिस असलं काहीबाही लिहिलेलं असतं आणि आपण ब्लॅकबेरी खाल्लेली नसते, मग वाटतं आपल्याला वाईन कळत नाही. सोडून द्या ते. आपल्या भाषेत शिराझ म्हणजे पिकलेलं जांभूळ, काळी करवंदं, थोडी तुती, आणि मागून काळी मिरी. ओकच्या पिंपात ठेवलेली असेल तर लवंग, व्हॅनिला आणि कधीकधी चक्क सुक्या खोबऱ्याचा वास. हे मी कवितेत बोलत नाहीये, अमेरिकन ओकच्या लाकडात खोबऱ्याचा वास देणारे घटक खरंच असतात.

मिरीचीही तीच गोष्ट. शिराझमधे मिरीचा वास का येतो याचा शोध ऑस्ट्रेलियन लोक बरीच वर्षं घेत होते आणि २००८ मधे त्यांना रोटंडोन नावाचं रसायन सापडलं. तेच रसायन खऱ्या काळ्या मिरीतही असतं, म्हणजे वास "मिरीसारखा" नाहीये, मिरीचाच आहे. त्या चाचण्यांमधे पाचातल्या साधारण एकाला हा वास बिलकुल येत नव्हता असंही दिसलं. तेव्हा बायकोला मिरी येतेय आणि तुम्हाला येत नाहीये यावरून घरात वाद घालू नका, नाकानाकाचा फरक आहे. थंड हवेत पिकलेल्या द्राक्षात रोटंडोन जास्त सापडतं, त्यामुळे आपल्याकडे मिरी थोडी मागे आणि जांभूळ पुढे असा मामला असतो.

आता हे द्राक्ष मूळचं कुठलं. इराणमधे शिराझ नावाचं शहर आहे आणि द्राक्ष तिथूनच आलं अशी गोष्ट अजून सगळीकडे सांगितली जाते. ऐकायला भारी आहे पण खोटी आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्निया आणि फ्रान्समधल्या माँपेलिएच्या संशोधकांनी डीएनए तपासला तेव्हा आईबाप दोघंही फ्रान्सचेच निघाले, द्यूरेझा नावाचं काळं द्राक्ष आणि माँदूज ब्लांश नावाचं पांढरं. फ्रान्समधे याला सिरा म्हणतात, ऱ्होन नदीच्या वरच्या भागात एर्मिताज आणि कोत-रोती ही याची पेठ. १८३२ मधे जेम्स बझ्बी नावाचा माणूस युरोपातून वेलींच्या कांड्या गोळा करून ऑस्ट्रेलियाला घेऊन गेला आणि तिथे सिराचं शिराझ झालं. ऑस्ट्रेलियातल्या बारोसामधे तर १८४० च्या दशकात लावलेल्या वेली आजही फळ देतात. का, तर युरोपच्या बागा फायलोक्सेरा नावाच्या किडीने मुळासकट खाल्ल्या पण ती कीड तिथपर्यंत पोचली नाही. दुकानात याचा उपयोग एवढाच की लेबलवर "सिरा" लिहिलं असेल तर वाईन बनवणाऱ्याला फ्रेंच वळणाची, जरा हलकी आणि मिरीवाली वाईन अपेक्षित असते, "शिराझ" लिहिलं असेल तर ऑस्ट्रेलियन वळणाची, फळ जास्त आणि अंगाने भरलेली. पक्का नियम नाही, पण अंदाज येतो. द्राक्ष एकच.

नाशिकबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मामांची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे आणि लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्यात. बाग खायच्या द्राक्षाची, थॉमसनची. मांडवाखाली उभं राहिलं की डोक्यावर हिरवे घड. वाईनची बाग बघितली की माणूस हिरमुसतो, कारण मांडव नाही, तारेवर उभ्या चढवलेल्या कमरेएवढ्या वेली, घड छोटे, मणी वाटाण्याएवढे, साल जाड आणि आत बिया. तोंडात टाकलं तर गोड लागतं पण चावायला वैताग. आणि तेच हवं असतं, कारण काळ्या द्राक्षाचाही रस बहुतेक पांढराच निघतो, रंग आणि टॅनिन सगळं सालीत. मणी छोटा म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून रेड वाईन सालीसकट आंबवतात, साली वर येऊन जाड थर बसतो आणि तो दिवसातून दोनतीनदा खाली दाबावा लागतो किंवा खालचा रस पंपाने वर फिरवावा लागतो.

आपल्याकडची खरी गंमत छाटणीत आहे. युरोपात हिवाळ्यात बर्फ पडतं, वेल झोपते, वसंतात उठते आणि सप्टेंबरच्या आसपास द्राक्षं तयार. नाशिकची वेल झोपतच नाही, तिला जबरदस्ती करावी लागते. म्हणून वर्षातून दोनदा छाटायची. एप्रिलमधे खरड छाटणी, त्यातून काडी तयार होते, पावसाळा असाच जाऊ द्यायचा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, त्यातून फळ. पावसात घड आला तर डाऊनी आणि भुरी हे रोग त्याला सोडत नाहीत, हे सगळं कॅलेंडर त्यासाठीच बसवलेलं आहे. मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिवसा ऊन, रात्री पारा कधी दहाच्याही खाली, समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंची. दिवसाच्या उन्हाने साखर भरते आणि रात्रीच्या थंडीने आंबटपणा टिकून राहतो. जानेवारी ते मार्च तोडणी. जमिनीने आपण उत्तर गोलार्धात आणि तोडणीने ऑस्ट्रेलियाच्या जोडीला.

साखर ब्रिक्समधे मोजतात हे द्राक्षवाल्या घरात पोरांनाही माहीत असतं. खायच्या द्राक्षाला अठराच्या आसपास ब्रिक्स आली की व्यापारी बांधावर फिरायला लागतात, शिराझ मात्र तेवीस-चोवीसपर्यंत वेलीवर ठेवावी लागते. ब्रिक्सला साधारण ०.५५ ने गुणा, अल्कोहोलचा टक्का निघतो. चोवीस गुणिले ०.५५ म्हणजे तेरा पॉइंट काहीतरी. बाटलीवरचा आकडा येतो तो असा बागेतून.

नाशिकच्या आधी नारायणगावला वाईन सुरू झाली होती, पण नाशिकचं नाव झालं ते राजीव सामंतांच्या सुला वायनरीमुळे, त्यांची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. २००१ मधे राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं आणि मग दिंडोरी, निफाड, इगतपुरी सगळीकडे वायनऱ्या उगवल्या. आमच्या मामांनीही त्या लाटेत अर्धा एकर शिराझ लावली होती. करार एका कंपनीशी. मग २००८-०९ ची मंदी आली, कंपनीने माल उचलला नाही, घड वेलीवर मनुका झाले आणि पुढच्या वर्षी मामांनी बाग तोडून परत थॉमसन लावली. तेव्हा बऱ्याच जणांनी तेच केलं. मामा आजही वाईन पीत नाहीत. पण मी बाटली आणली की हातात घेऊन लेबलवर कुठलं गाव आहे ते आधी वाचतात.

तर आता खरेदी. दुकानात गेल्यावर पहिलं बघायचं वर्ष. लेबलवर २०२३ असेल तर समजायचं ऑक्टोबर २०२२ ची छाटणी आणि २०२३ च्या जानेवारी ते मार्चची तोडणी. आपल्याकडच्या बहुतेक शिराझ तीनचार वर्षांत प्यायच्या असतात, "वाईन जितकी जुनी तितकी चांगली" ही म्हण इथे लावू नका. साधी, ओकशिवायची असेल तर दोनतीन वर्षांच्या आतलीच घ्या. रिझर्व्ह लिहिलेली म्हणजे बहुतेक वेळा ओकच्या पिंपात ठेवलेली, ती थोडी जास्त टिकते आणि किंमतही जास्त असते. दुसरं, बाटली ठेवलीय कुठे. दुकानाच्या काचेत, रस्त्याच्या बाजूला, दुपारच्या उन्हात सजवून ठेवलेली बाटली फुकट दिली तरी घेऊ नका, आतल्या रॅकवरची मागा. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमधे वाईन विकायला मंत्रिमंडळाने मान्यता दिली होती, त्यावर एवढा गदारोळ झाला की अजून आपण वाईन शॉपच्या जाळीतूनच बोट दाखवून घेतोय, त्यामुळे दुकानदाराला विचारायला लाजू नका, "एसीत ठेवलेली आहे का" एवढा प्रश्न पुरतो. कॉर्कवाली असेल तर कॉर्क वर उचललं गेलेलं नाही ना आणि मानेवर चिकट ओघळ नाही ना एवढं बघा, दोन्हीपैकी काही असलं तर बाटली बहुतेक तापलेली आहे. स्क्रू कॅप म्हणजे हलकी वाईन हा गैरसमज डोक्यातून काढून टाका. आपल्या उन्हात आणि आपल्या ट्रान्सपोर्टमधे तेच झाकण बरं, शिवाय ओपनर शोधत शेजाऱ्यांकडे जावं लागत नाही.

पहिल्यांदा घेत असाल तर ओकशिवायची साधी शिराझ आणि ओकवाली एक, अशा दोन आणा आणि दोनचार जणांत वाटून शेजारी शेजारी ठेवून प्या. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ सहज मिळते आणि ओक म्हणजे काय ते तिच्यात स्वच्छ कळतं. निफाडच्या रेव्हेलो वायनरीची सिरा मिळाली तर तीही बघा. शिराझ-कॅबर्ने अशी दोन द्राक्षांची मिसळही बरीच मिळते, वाईट नसते, पण कॅबर्ने आली की त्यातून कधीकधी ढोबळी मिरचीचा हिरवा वास येतो आणि मग नक्की कशाला काय म्हणायचं ते कळत नाही. शिकताना एकटी शिराझच बरी.

घरी आणल्यावर फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका (हा टोला मलाच आहे), तिथे गरम असतं आणि सतत थरथर. कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा, अंधारातला. कॉर्क असेल तर आडवी.

टेंपरेचर. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. रूम टेंपरेचर हा शब्द युरोपातल्या दगडी घरांचा, जिथे हीटर यायच्या आधी खोली सोळा-अठराला असायची. आपल्याला तेच सोळा-अठरा हवंय. तीस-बत्तीसला वाईनमधलं अल्कोहोल नाकात शिरतं, फळ गायब होतं आणि ती कफ सिरपसारखी लागते. फ्रिजमधे वीस मिनिटं ठेवा असं सगळे लिहितात, ते थंड देशातलं गणित आहे, आपल्या तीस डिग्रीच्या बाटलीला फ्रिजमधे निदान तास-सव्वा तास लागतो. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, नुसता बर्फ नाही, पाणी असलं की बाटलीला सगळीकडून गार लागतं, दहाबारा मिनिटांत काम होतं. जरा जास्तच गार झाली तर बिघडलं नाही, ग्लासात ती आपोआप चढते, मे महिन्यात तर पाच मिनिटांत. बर्फाचा खडा ग्लासात टाकू नका असं मी म्हणणार होतो पण तुमची वाईन, तुमचा बर्फ.

ग्लास कुठलाही चालेल ज्याचं पोट मोठं आणि तोंड जरा आत वळलेलं आहे. स्टीलचा नको. एक तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, वरची रिकामी जागा वासासाठी असते. एका बाटलीत ७५० मिली म्हणजे दीडशेचे पाच ग्लास, त्या हिशोबाने माणसं बोलवा. आणि नाशिकच्या गंगापूर रोडला किंवा कुठेही वायनरीत टेस्टिंगला जाणार असाल तर गाडी चालवणारा एक जण कोरा ठेवा, चार छोटे घोट म्हणता म्हणता दोन ग्लास होतात.

चाखायचं कसं. सिनेमात करतात तसं ग्लास उंच धरून डोळे मिटायची गरज नाही. मिसळणाचा डबा किंवा गरम मसाल्याचा डबा शेजारी घेऊन बसा, खरंच सांगतो, यापेक्षा चांगली शाळा नाही. दोन मिरे दाताने फोडून हातावर घ्या, वास घ्या, मग ग्लासाचा वास घ्या. मग लवंग, मग दालचिनीचा तुकडा, मग खोबऱ्याची वाटी. एकेक वास डबा-ग्लास, डबा-ग्लास असा करत गेलं की वाईनमधे काय आहे आणि काय नाही ते पंधरा मिनिटांत कळायला लागतं. माझ्या आईला, जिने आयुष्यात वाईन घेतली नाही, तिला नुसत्या वासावर लवंग सापडली, मला सापडायच्या आधी. आयुष्यभर मसाले भाजलेलं नाक आहे ते.

दुसरा प्रयोग जिभेचा आणि हा नक्की करा, जेवणाची जोडी कशी लावायची ते याच्यातूनच कळतं. चार वाट्या घ्या. एकीत गुळाचा खडा, दुसरीत मीठ लावलेली लिंबाची फोड, तिसरीत लाल मिरचीचा ठेचा लावलेला भाकरीचा तुकडा, चौथीत तूप आणि मीठ लावलेला भाकरीचा तुकडा. गूळ खाऊन घोट घ्या, वाईन एकदम आंबट आणि कडू लागेल, जणू बदलून आणली. पाणी प्या. लिंबू-मीठ चाटून घोट घ्या, तीच वाईन मऊ आणि फळाची लागेल. ठेचा खाऊन घोट घ्या, तोंडात आग, कारण मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेच्या ज्या नसांना पेटवतं त्याच नसांना अल्कोहोलही चेतवतं, वर टॅनिनचा खरखरीतपणा. तूप-भाकरीनंतर परत छान. झालं. आंबट आणि खारट वाईनचे मित्र, स्निग्ध मित्र, गोड आणि जहाल तिखट शत्रू. तांबड्या रश्श्याच्या रात्री माझं काय झालं ते आता कळलं असेल.

आता ताटाकडे येऊ.

काळ्या मसाल्याचं मटण ही पहिली आणि माझ्या मते शेवटची जोडी. आमच्याकडचा म्हणजे नाशिक-खान्देशाकडचा मसाला, कांदा आणि खोबरं जवळजवळ काळं होईपर्यंत भाजलेलं, त्यात लवंग, मिरी, दालचिनी, मसाला वेलदोडा, दगडफूल, शहाजिरं. बघा, अर्धी यादी वाईनच्या वासातलीच आहे. मटणातली चरबी आणि प्रोटीन टॅनिनला धरून ठेवतं, चहातल्या दुधासारखं, त्यामुळे वाईन गुळगुळीत होते आणि उलट वाईनचा आंबटपणा तोंडातला तेलकटपणा धुवून काढतो. अट एकच, मिरची हात राखून. मामी नेहमीच्या निम्मं तिखट घालते आणि मिरी दुप्पट, मी जेवायला असलो की. रस्सा पातळ करू नका, सुकं किंवा अंगाबरोबरचं ठेवा, वाटीभर गरम रस्सा पिऊन वर वाईन पिण्यात मजा नाही. आणि वरून लिंबू पिळाच, प्रयोग आठवा. बाजरीची भाकरी.

मालवणी मटणही चालतं, भाजलेल्या खोबऱ्यामुळे. पण सोलकढी त्याच घासाला नको. सोलकढी शेवटी भातावर घ्या. तांबडा रस्सा, सावजी, झणझणीत मिसळ यांच्यासोबत शिराझ उघडू नका, पैसे वाया. नाशिकची काळ्या मसाल्याची मिसळ कागदावर बसते पण तर्री आली की सगळं वाहून जातं, तिथे ताकच बरं.

शाकाहारी लोकांना वाटतं रेड वाईन म्हणजे मटणच. तसं नाहीये. मला वांग्याचं भरीत मटणाच्या खालोखाल आवडतं, तेही चुलीवर किंवा निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं, कारण तो धुराचा वास ओकवाल्या शिराझच्या वासाला जाऊन चिकटतो. गॅसवर भाजलं तरी चालेल, साल नीट करपू द्या. खान्देशी भरतात हिरवी मिरची सढळ असते, ती कमी करा, शेंगदाणे आणि तेल कमी करू नका. काळ्या वाटाण्याची उसळ भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात, ही तर लोकांना सुचतच नाही आणि इतकी जमते की काय सांगू. भरली वांगी करणार असाल तर गूळ विसरा. मशरूम तव्यावर लोण्यात काळी मिरी घालून, पाच मिनिटांचं काम, पाहुणे खूश. पनीर टिक्का ठीक, पण हिरवी चटणी बाजूला ठेवा. पिठलं मी तीनदा करून बघितलं आणि तीनदा पस्तावलो.

चखण्याला खारे शेंगदाणे, भाजलेले काजू, भाजणीची चकली. चकलीचं विशेष सांगतो, तेल, मीठ, तीळ आणि भाजलेल्या डाळींचा खमंगपणा, दिवाळीतल्या उरलेल्या चकल्यांचं याहून चांगलं काही होऊ शकत नाही.

मासे नकोत. बांगडा, सुरमई, बोंबील कशासोबतच नको, तोंडात गंजलेल्या खिळ्यासारखी चव येते, वाईनमधलं लोह आणि माशातलं तेल यांचं जमत नाही. मासे असतील तर नाशिकचीच शेनँ ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां घ्या, पांढरी, चांगली गार. आणि गोड, हे सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे ताटात श्रीखंड किंवा पुरणपोळी पहिल्यापासूनच वाढलेली असते. गोड ताटातून काढा असं सांगायची माझी हिंमत नाही, ग्लास संपवा आणि मग पुरणपोळीकडे वळा. डार्क चॉकलेटसोबत रेड वाईनचं फार कौतुक होतं, मला त्यात दोन कडू गोष्टी एकत्र येण्यापलीकडे काही सापडलं नाही.

पंगतीत सगळ्यांना आवडेल का? नाही. माझ्या सासऱ्यांनी एक घोट घेतला, म्हणाले "जांभळाचा काढा", आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. चूक नाहीत ते.

उरली तर झाकण लावून फ्रिजमधे उभी ठेवा, रेड असली तरी फ्रिजमधेच, तीन दिवस आरामात राहते, प्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढायची. चौथ्या दिवशी व्हिनेगरकडे झुकायला लागते, तेव्हा ती ग्लासात नको. त्या वेळी मी काय करतो तर उरलेली अर्धी वाटी मटणाला आलं-लसूण लावतानाच चोळतो, तासभर मुरू देतो आणि मग फोडणीत टाकून झाकण न ठेवता परततो, वास उडेपर्यंत. मामीला हे सांगितलेलं नाही. गेल्या वेळी तिने विचारलं मटण एवढं मऊ कसं झालं, मी म्हटलं बोकड कोवळा होता.